हेल्चाचा झगा

दार उघडून आत आले तर खुर्चीच्या पाठीवर एका लहान मुलीचा झगा टांगलेला. पांढराशुभ्र, खळ घातलेला, कडक इस्त्रीचा. आमच्या घरात एवढी लहान मुलगी नव्हती. माझे दोघेही मुलगे, आणि चांगले शाळकरी.

"आई, हा कुणाचा?" बॅग खाली ठेवत मी विचारलं.

सासूबाई ओट्याशी नारळ खवत होत्या. "वरच्याचा," मान न वळवता त्या म्हणाल्या. "म्हंजे त्याच्या बहिनीचा. तूच तर मागत व्हतीस त्याच्याकडं. तू येरूशलेमला गेलीस त्याच दिवशी दिऊन गेला बग."

मी पुढे झाले. गळ्याभोवती निळ्या दोऱ्यानं भरलेली बारीक फुलं होती. ती फुलं मी ओळखली. झगा उचलला, उलटा करून पाहिला, परत सुलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला.

"आई, डाग कुठंय?"

"निघाला," त्या म्हणाल्या. आवाजात चक्क अभिमान होता. "लय हट्टी व्हता. लिंबू नि मीठ लावून उन्हात टाकला, परत लावला, परत टाकला. मग साबन लावला, वरून कढत पानी सोडला तवा कुठं गेला."

मी झग्याच्या शिवणी पुन्हा पुन्हा चाचपू लागले. सासूबाईंनी तेव्हा कुठं वळून माझ्याकडे पाहिलं.

"काय झाला गो फ्लोरा?"

काय झालं ते त्यांना सांगायचं तर आधी तुम्हाला सांगायला हवं.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. सासर रेवदंड्याचं, माहेर पनवेलचं. लग्नानंतर मी नवऱ्याबरोबर आणि सासूबाईंबरोबर इस्राएलच्या दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेला वसवलेल्या एका गावात आले. सरकारी इमारती, चार मजली, एकसारख्या. आपली इमारत कोणती हे दोरीवरच्या कपड्यांवरून ओळखायचं. आमच्या दोरीवर साड्या असत, त्यामुळे आमची पोरं कधी चुकली नाहीत. माझा नवरा फॉस्फेटच्या कारखान्यात होता, आणि ही हकिगत घडली तेव्हा तर महिनाभर लष्कराच्या राखीव नोकरीवर गेलेला होता. घरात मी, सासूबाई आणि मुलं.

गावात तेव्हा एक संग्रहालय उघडायचं चाललं होतं. हिटलरच्या राज्यात युरोपातल्या लाखो यहुद्यांना मारलं, त्यांच्या आठवणीचं. मोठ्या शहरांत अशी संग्रहालयं होती. हे आमच्या भागापुरतं, आजूबाजूच्या शाळांसाठी. मला तिथं वस्तू नोंदवण्याचं आणि मांडण्याचं काम मिळालं होतं, उद्घाटनापर्यंत तात्पुरतं. मला ती नोकरी पक्की व्हायला हवी होती. गावातले लोक तोंडावर म्हणायचे, "हिंदुस्थानातली बाई? तुमच्याकडे तर काहीच घडलं नाही. तुला यातलं काय कळणार?" मी हसून सोडून द्यायची. मनातून मात्र चिडायची. जणू दुःखाचं रेशनकार्ड असतं आणि आमच्या नावावर शिक्काच नाही.

आमच्या डोक्यावरच्या घरात मेंडेल राहायचे. पोलंडचे, साठीला टेकलेले नव्हते पण दिसायचे सत्तरचे, एकटे, डोळ्यांत मोतीबिंदू. हिब्रूत लहानथोर सगळे एकमेकांना अरेतुरेच करतात. माझ्या कानाला ते कधी सोसलं नाही, म्हणून इथं मी त्यांना अहोजाहोच करणार. नव्या वर्षाला सासूबाई त्यांना गव्हाच्या चिकाचा हलवा पाठवायच्या. शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करू नये हे त्यांना कुणी शिकवलं नसणार, तरी परत येताना तिच्यात एखादं लिंबू किंवा संत्रं असायचं. दोघांचं बोलणं जिन्यातल्या नमस्कारापुरतं. सासूबाईंचं हिब्रू भाजीबाजाराचं, त्यांचं पोलिश वळणाचं; पण दोघांना एकमेकांचं कळायचं.

या मेंडेलांकडे त्यांच्या धाकट्या बहिणीचा झगा आहे, हे मला त्यांच्याकडूनच एकदा कळलं. बहीण हेल्चा, चार वर्षांची. तिला, आईला आणि वडिलांना एकाच सकाळी छावणीत नेलं, ते कायमचं. त्या सकाळी हेल्चानं चेरीचा जॅम खाल्ला आणि हात झग्याच्या पोटाला पुसला. चार बोटं आणि तळव्याचा थोडा भाग, तपकिरी पडलेला, स्पष्ट. फोटो नाही, कबर नाही, कागदावर नाव नाही. हेल्चा या जगात होती याचा पुरावा एवढाच, तो हात.

"आणि झगा तुमच्याकडे कसा राहिला?" मी विचारलं होतं.

"ते विचारू नका," ते म्हणाले होते.

झगा संग्रहालयाला द्यावा म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे होते. आमच्या संचालिकेला, गिलाला, घेऊन गेले. तिनं फोटो काढून घेतला आणि शाळांसाठी छापायच्या पत्रकावर तोच घातला. मेंडेल हो म्हणत, पुन्हा नाही म्हणत. शेवटी एकाच अटीवर तयार झाले. झगा काचेआड बंद करण्याआधी त्यांना बोलवायचं, आणि त्या डागावर त्यांना एकदा हात ठेवू द्यायचा.

"तुम्ही शब्द देता?" त्यांनी विचारलं.

"दिला," मी म्हणाले.

मग मला संग्रहालयानं आठवडाभर येरूशलेमला धाडलं, जुनं कापड कसं जपायचं ते शिकायला. तिथं आम्हाला शिकवलं की अशा कपड्याला उघडा हात लावायचा नाही, उन्हात न्यायचा नाही, पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. मी इमानेइतबारे सगळं वहीत उतरवून घेत होते, तेव्हा इकडे सासूबाई लिंबू पिळत होत्या.

"मंग मला सांगायचं ना कुनी!" सगळं ऐकून सासूबाई म्हणाल्या. आता त्यांचाही चेहरा उतरला होता. "त्यानं पिशवी दिली, म्हनाला, माझ्या मेलेल्या बहिनीचा झगा हाय, फ्लोराकडं दे, संग्रहालयात लावनार हायत. मला सगळा समजला. म्हनून तर धुतला. मेलेल्या पोरीचा झगा असा मळका मळका लोकांच्या म्होरं टांगायचा? आपल्यात उशीचा अभ्रासुद्धा धुतल्याबिगर कुनाला देत नाय."

बरोबरच होतं त्यांचं. आमच्याकडे उसना आणलेला सदराही धुऊन परत करतात. अडाणीपणा म्हणून नव्हे, माणुसकी म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी झगा घेऊन संग्रहालयात गेले. हात धुऊन, पांढरे हातमोजे घालून, पातळ कागदात गुंडाळून. चोर पळाल्यावर कडी लावावी तशी. गिलानं कागद उलगडला. झगा उलटासुलटा करून पाहिला.

"कुणी?" तिनं विचारलं.

"माझ्या सासूबाईंनी."

"मुद्दाम?"

"चांगल्या मनानं."

गिला खुर्चीत बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले. ती माझ्याच वयाची, शेतवसाहतीत वाढलेली, उन्हानं रापलेली, एरवी मोठ्यानं हसणारी बाई. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"पत्रकं छापून झालीत," ती म्हणाली. "सगळ्या शाळांत गेलीत. पोरं येतील ती तो हात बघायला येतील. आकडे त्यांच्या डोक्यात शिरत नाहीत फ्लोरा, साठ लाख म्हटलं की जांभया देतात. एक जॅमचा हात दाखवला की गप्प होतात."

"मला ठाऊक आहे."

"आणि मेंडेल बुधवारी येणार."

"हो."

ती उठून खिडकीपाशी गेली. माझ्याकडे पाठ करूनच बोलली. "आपल्याकडे फोटो आहे, मापात काढलेला. चेरीचा जॅम दुकानात मिळतो. तुझा हात चांगला आहे, भरतकाम करतेस. हलक्या हातानं लावायचा, उन्हात वाळवायचा."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी झगा माझ्याकडे ओढून घेतला.

"गिला, हे खोटं होईल."

"खोटं कसं? डाग होता. मी पाहिलाय, तू पाहिलायस. आपण होतं तेच परत ठेवतोय." मग ती वळली. "माझी आई त्याच छावणीतून आली. ती गेली तेव्हा तिच्या आईबापांचं एक बटणसुद्धा घरात नव्हतं. मी आयुष्यभर अशा एका वस्तूसाठी जीव टाकलाय. ही एक मिळाली होती."

"कुणाला कळलं तर? जे लोक म्हणतात की हे काही घडलंच नाही, त्यांना आपण हातात काठी देऊ. एक डाग खोटा म्हणून ते सगळंच खोटं ठरवतील."

"कुणाला कळणार? मेंडेलांना तर मोतीबिंदू आहे. आणि कळलंच नाही तर तो माणूस शांतपणे मरेल. खरं सांगितलंस तर काय होईल त्याचं, याचा विचार केलास?"

तो मी रात्रभर केलाच होता. जाताना गिला म्हणाली, "मी तुला भाग पाडत नाही. पण उद्घाटनानंतर इथं कोण राहणार ते समितीनं माझ्यावर सोपवलंय, हे तुला माहीत आहे." ती धमकी होती की नुसती माहिती, ते मला अजूनही सांगता येत नाही.

संध्याकाळी घरी येताना मी चेरीचा जॅम घेतला. लावणार नव्हते, असं आज म्हणणं सोपं आहे. तेव्हा मला खरोखर ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की बुधवार परवावर आलाय, मी एका माणसाला शब्द दिलाय, आणि तो कोणत्याही बाजूनं पाळला तरी मोडणारच आहे. जुन्या उशीचा अभ्रा फाडून मी एक तुकडा काढला, मेजावर पसरला आणि बोटानं जॅम लावून पाहिला. तो डाग फारच लाल, फारच ओला दिसत होता. शेजारी गिलानं दिलेला फोटो ठेवला होता.

सासूबाई मागे केव्हा येऊन उभ्या राहिल्या, मला कळलं नाही.

"ह्या काय करतेस?"

मी सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. माझ्या बोटाला जॅम होता.

त्यांनी आधी तुकड्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. मग म्हणाल्या, "म्हंजे त्या पोरीचा हात तू काढनार. तुझ्या हातानं."

"आई, मग दुसरं काय करू? वर जाऊन त्यांना सांगू की तुमच्या बहिणीचा हात आम्ही लिंबानं काढून टाकला?"

"तू कशाला? धुतला मी, सांगनार मी."

"तुम्हाला कळत नाही. त्यांना सोसणार नाही ते."

"अगो, त्यानं सोसलाय त्याच्यापुढं ह्या काय हाय? पन खोटा सोसायला नको लावू. माझ्यासाठी तर नकोच नको." त्यांनी तो तुकडा उचलला, जॅमसकट चुरगळला आणि टोपलीत टाकला. मग आत जाऊन शब्बाथची, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या आमच्या पवित्र दिवसाची, पांढरी साडी नेसून आल्या. झगा मी घरी परत आणला होता. तो त्यांनी कागदातून काढून दोन्ही हातांवर आडवा घेतला, तान्हं मूल घेतात तसा. हातमोज्यांची आठवण करून द्यायची माझी छाती झाली नाही.

"चल," त्या म्हणाल्या. "मला तेवढा हिब्रू येत नाय. मी बोलेन ते त्याला सांग. जसाच्या तसा. गोड करून सांगशील तर बग."

मेंडेलांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात चहाचा ग्लास होता. सासूबाईंना पांढऱ्या साडीत पाहून त्यांना वाटलं आमच्याकडे कुणी वारलं. मग त्यांना सासूबाईंच्या हातांवरचं पांढरं काही दिसलं. ग्लास मेजावर ठेवून त्यांनी ते घेतलं. डोळ्यांनी बघायचा प्रयत्नच केला नाही. बोटांची टोकं पोटाच्या जागेवर फिरवली, एकदा, दोनदा; तिथं वाळलेल्या जॅमचा खरखरीतपणा असायचा. मग झगा नाकाशी नेला.

"साबण," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

"साबणाचा वास येतोय."

"माझ्या सासूबाईंनी धुतला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं."

ते खाली बसले. मला वाटलं रडतील. ते ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मी दोन हिवाळे जंगलात काढले! अंगावर शर्टाच्या आत हा होता. पाऊस यायचा तेव्हा मी पालथा व्हायचो. मी भिजलो, हा भिजू दिला नाही! बोटीवरून येताना, तंबूत राहताना, लष्करात, कुठंही. एक थेंब पडू दिला नाही! आणि ही बाई..." त्यांनी सासूबाईंकडे बोट केलं. "तुम्हाला काय माहीत? तुमच्या देशात काय झालं होतं? नारळ होते, समुद्र होता. तुम्हाला यातलं काय कळतं?"

"काय म्हनतो?" सासूबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. जसंच्या तसं, नारळासकट.

सासूबाई उभ्याच होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "त्याला सांग, खरा हाय. आमाला कुनी मारला नाय. शेजारी हिंदू व्हते, मुसलमान व्हते, सुखानं ऱ्हायलो. पन मारला नाय म्हनून आमाला मयत धुवायला येत नाय काय?"

मी सांगितलं. मेंडेलांनी मान वर केली.

"आमच्या रेवदंड्याला बाई मेली की मला बोलवायचे," सासूबाई म्हणाल्या. "म्हातारी असो, बाळंतीण असो, पोर असो. लगीन करून आले तवापासून मी मयतं धुतली. सासूला धुतला, माझ्या लेकीला धुतला. चार वर्सांचीच व्हती ती. विषमज्वरानं गेली."

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्याला एक बहीण होती हे मी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकलं, तेही भाषांतर करता करता. मी अडखळले तशी सासूबाई म्हणाल्या, "सांग, थांबू नको."

"ह्यानं पिशवी दिली. मी झगा भाईर काढला. माझ्या मनात आला, हिला कुनी धुतला? कुनी नाय. आईनं नाय, शेजारनीनं नाय. माती पन नाय भेटली. मी माझ्याशीच म्हटला, मिलका, अंग नाय तर नाय, झगा तर हातात आलाय. बायामान्सांनी एकमेकींसाठी करायचा तो तरी कर. म्हनून मी निस्ता कपडा धुतला तसा नाय धुतला. मयताला सोडतो तशी वरून पान्याची धार सोडली, मधे तुटू न देता. तोंडानं म्हनायचा ते म्हटला. मला वाटला, मी पोरीचा काम करते. तिचा हातच पुसून टाकते हे मला कळला नाय. ह्या माझा चुकला. त्याला सांग, मी माफी मागायला नाय आले. माफ करू नको म्हनावा. पन तुझ्या बहिनीवर खोटा डाग लावत व्हते, तो मी लावू दिला नाय, एवढा सांगायला आले."

मी सगळं सांगितलं, माझ्या जॅमसकट. माझ्यावर ते रागावतील असं वाटलं, पण माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. झगा मांडीवर होता आणि त्यांचा हात त्या रिकाम्या जागेवर.

मग ते बोलू लागले. कुणाशी बोलत होते कोण जाणे.

"गल्लीच्या टोकाला एक धोबीण होती. ख्रिस्ती. आईनं हेल्चाला दोन धपाटे घातले, नवा झगा घाण केला म्हणून. तो काढून घेतला, गाठोड्यात घातला आणि माझ्या हातात दिला. मी अकरा वर्षांचा होतो. मला जायचं नव्हतं, खेळायचं होतं. आई म्हणाली, जा, तिला सांग, शनिवारच्या आत हवा. आणि हा डाग निघालाच पाहिजे म्हणावं. निघाल्याशिवाय परत आणू नकोस." ते थांबले. "मी धोबिणीच्या दाराशी पोचलो तेव्हा मागे गाड्या आल्या होत्या. तिनं मला आत ओढलं, कोळशाच्या खोलीत ठेवलं. रात्री म्हणाली, कपडे धुऊन देते. मी हा देईना."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हलक्या आवाजात सांगितलं. त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"डाग निघालाच पाहिजे," मेंडेल पुन्हा म्हणाले. "आईचं शेवटचं सांगणं ते. बेचाळीस वर्षं मी ऐकलं नाही. आता झालं तिचं काम." ते हसले असं मला वाटलं, पण ते हसू नव्हतं. "आईचं काम झालं आणि माझ्याकडे काही उरलं नाही."

खाली माझी मुलं चेंडू भिंतीवर आपटत होती, तेवढा आवाज येत होता.

"पाणी," मेंडेल एकदम म्हणाले. "विचारा त्यांना. पाणी कुठं टाकलं?"

मी विचारलं.

"मोरीत कसा टाकनार?" सासूबाई म्हणाल्या. "मयताचा पानी पायदळी जाऊ देत नाय. सगळा भांड्यात धरला नि सब्ज्याच्या डब्यात घातला."

सब्जा म्हणजे तुळशीच्या जातीचं झाड. सासूबाईंनी रेवदंड्याहून पदराच्या गाठीत बी आणलं होतं आणि ऑलिव्हच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात लावलं होतं. आमच्याकडे शुभाला आणि अशुभाला, दोन्हीला सब्जा लागतो. तो डबा आमच्या बाल्कनीच्या कोपऱ्यात असायचा आणि त्याला त्यांच्याशिवाय कुणी पाणी घातलेलं त्यांना चालत नसे.

मेंडेल उठले. झगा माझ्या हातात दिला आणि कठड्याला धरून जिना उतरू लागले. आम्ही मागून गेलो. आमच्या बाल्कनीत येऊन ते डब्यासमोर कसेबसे गुडघ्यांवर बसले. मातीत बोटं घातली. माती ओली होती. पुष्कळ वेळ त्यांनी बोटं तशीच ठेवली. मग ते काही तरी पुटपुटू लागले, आणि दुसऱ्याच शब्दाला मला कळलं की ते मेलेल्यांसाठी म्हणतात ती प्रार्थना म्हणताहेत. ती कबरीपाशी म्हणतात. सासूबाईंनाही कळलं. जिथं आमेन म्हणायचं तिथं त्या आमेन म्हणाल्या, मीही म्हणाले.

प्रार्थना संपल्यावर त्यांनी डबा उचलला. जड होता. मी हात पुढे केला तर म्हणाले, "नको." विचारलं नाही, मागितला नाही. सासूबाईंनी दार पूर्ण उघडून धरलं. मुलुखातून आणलेलं ते एकच झाड होतं त्यांचं.

बुधवारी ते संग्रहालयात आले. गिलाला मी आधीच सांगून टाकलं होतं. ती माझ्याशी तुटक वागत होती. झगा चौकटीत मांडला होता, काच बाजूला उभी होती. मेंडेलांनी त्याला हात लावला नाही.

"काच लावा," ते म्हणाले.

"खाली काय लिहायचं?" मी विचारलं.

"लिहा, आईनं धुवायला दिलेला झगा. शेजारणीनं धुतला."

गिला काही बोलणार होती, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिनं पेन उचललं. तेवढंच लिहिलं. खाली जुना फोटो लावला. शाळेची पोरं यायची, आधी फोटोतला हात बघायची, मग पांढरा झगा, मग ती ओळ. विचारायची, शेजारीण कोण? मी तिथं पुढे वीस वर्षं नोकरी केली, दर वेळी सगळं सांगितलं. गिलानंच मला ठेवून घेतलं. का, ते ती बोलली नाही.

मेंडेल मात्र सासूबाईंशी पुन्हा बोलले नाहीत. जिन्यात भेटले तर भिंतीकडे सरकून वाट द्यायचे. नव्या वर्षाला हलवा पाठवला, ताटली रिकामी परत आली. सासूबाई म्हणाल्या, "बरोबर हाय त्याचा," आणि ताटली जागेवर ठेवली. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि मेंडेलांचा रागही आला.

डबा त्यांनी आपल्या बाल्कनीत ठेवला होता, अगदी आमच्या दोरीच्या वर. दर शुक्रवारी दुपारी ते त्याला पाणी घालायचे. डोळ्यांना दिसत नसल्यानं जास्तच घालायचे. पत्र्याच्या भोकांतून मातीचं पाणी खाली ठिबकायचं ते सरळ आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. शुक्रवारी दोरीवर शब्बाथच्या मेजाची पांढरी चादर असायची. सासूबाईंचा जीव होता तिच्यावर. तिच्यावर कुणी रश्श्याचा थेंब सांडला तर जेवण अर्धं टाकून उठायच्या.

पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी धावत बाहेर गेले. चादरीच्या मधोमध चांगला तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता.

"आई, मी वर सांगून येते. नाही तर दोरी तरी पलीकडे बांधू."

"काय नको."

"मग द्या इकडे, आत्ताच लिंबू लावते. ओला आहे तोवर निघेल."

त्यांनी चादर माझ्या हातातून काढून घेतली आणि आत नेऊन मेजावर अंथरली, डाग वरच्या बाजूला. मेणबत्त्या लावायची वेळ झाली होती. त्यांनी सुरकुत्या काढल्या, मग त्या ओल्या डागावर तळवा टेकवला आणि तो तसाच ठेवून उभ्या राहिल्या.

"ऱ्हाऊदे," त्या म्हणाल्या. "ह्याला हात लावू नको."